जे लागू नसेल ते खोडावे

तृतीयपंथी, हिजडा, किन्नर, पारलिंगी यांपैकी नेमका कोणता शब्द लिहावा, या विवंचनेत आपण असाल, तर एक पथ्य कटाक्षाने पाळावे : ज्यांच्याविषयी लिहायचे आहे, त्यांना विचारू नये. विचारले की घोळ होतो. ‘हिजडा’ हा कोणी आपल्या गुरू-चेल्यांच्या परंपरेचा शब्द म्हणून अभिमानाने सांगते, कोणी तो जन्मभर शिवी म्हणूनच ऐकलेला असतो, आणि कोणी तर ‘मी बाई आहे, तेवढेच लिहा’ म्हणून मोकळे होते.

त्यापेक्षा ‘तृतीयपंथी’ बरे. पंथ म्हटला की दीक्षा आली. त्यामुळे वारकरी, नाथ, महानुभाव यांच्याप्रमाणे ही मंडळीही चांगला मुहूर्त पाहून या पंथात आली असावीत, असा वाचकाचा सोयीस्कर समज होतो. मग पहिला आणि दुसरा पंथ कोणता, असे कोणी विचारू लागल्यास चहा मागवावा. रकाना फारच अरुंद असेल तर ‘इतर’ लिहावे. २०११ च्या जनगणनेत या तीन अक्षरांत ४,८७,८०३ माणसे मावली होती. ‘हिजडा’ हा शब्द मात्र सभ्य माणसाने विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यांसाठीच राखून ठेवावा, बांगड्यांच्या आहेरासह.

आपले लिंग कोणते हे ज्याचे त्याने ठरवावे, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट नको, असे १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, म्हणून घाबरून जाऊ नये. २०१९ च्या कायद्याने हा स्वनिर्णय आदरपूर्वक मान्य केला आणि त्याच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला लावला; ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी सुधारित नोंद हवी असेल, तर शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखलाही मागितला. आपण स्वतः पुरुष असल्याचा दाखला कोणत्या कचेरीतून आणला होता, हे या वेळी आठवू पाहू नये.

राहता राहिले क्रियापद. मराठीत ‘मी’ला लिंग नसते, पण ‘मी आलो’ म्हणताच ते उघडे पडते. अशा वेळी कचेरीबाहेरच्या टंकलेखकाचा आदर्श ठेवावा. हिरव्या साडीतल्या एका अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र करताना तो ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो/देते’ इथवर येऊन थांबला आणि आधार कार्डावरचा मिशीचा फोटो न्याहाळत म्हणाला, ‘‘आधी दाखला आणा, मग ‘देतो’ खोडतो.’’ प्रतिज्ञापत्र त्या दाखल्याच्या अर्जासोबतच जोडायचे होते.