लेकरू ‘पा’ म्हणालं की पाणी द्या

परवा परभणीहून भाचीचा फोन आला. तिचं लेकरू अडीच वर्षांचं, अजून नीट बोलत नाही. तहान लागली की ‘पा’ म्हणतं. ही पेला घेऊन समोर बसली आणि ‘पाणी’ म्हणेपर्यंत दिलं नाही. लेकरू रडून रडून तसंच झोपलं. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं : ‘शेपिंगचा नियम : पूर्ण जमेपर्यंत काही देऊ नका, नाहीतर अर्धवटपणाची सवय लागते. चुकलं की शिक्षा करा. कॉलेजात दाखवतात तो कॉम्प्युटरवरचा उंदीर नुसता गेम आहे.’

मी मानसशास्त्र शिकवते. पहिलं वाक्य वाचून अंगाची लाहीलाही झाली, कारण शेपिंग, म्हणजे नवी गोष्ट टप्प्याटप्प्याने शिकवायची पद्धत, नेमकी याच्या उलट. १९४३ साली मिनियापोलिसमधल्या एका पिठाच्या गिरणीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर आणि त्यांचे सहकारी कबुतराला चोचीने लाकडी चेंडू ढकलायला शिकवत होते. पूर्ण फटका मारला की दाणा, असं ठरवून वाट बघत बसले. काहीच घडेना. कंटाळून त्यांनी कबुतराने चेंडूकडे नुसतं बघितलं तरी दाणा द्यायला सुरुवात केली, मग चोच लागली की. काही मिनिटांत चेंडू पेटीच्या भिंतींवर आदळायला लागला. हे स्किनर यांनी स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे या मेसेजचा ‘नियम’ शेपिंगच्या जनकानेच करून बघितला आणि सोडून दिला.

शिक्षेचा तर शेपिंगशी काही संबंधच नाही. जवळ जाणाऱ्या प्रत्येक पावलाला दाद द्यायची, आधीचं पाऊल पक्कं झालं की अपेक्षा थोडी वाढवायची, एवढंच.

राहिला उंदीर. टोरंटो विद्यापीठातल्या लोकांनी बनवलेला तो ‘स्निफी’, दाणा देऊन दांडी दाबायला शिकवायचा कॉम्प्युटरवरचा उंदीर. खरा उंदीर त्याच्याहून हट्टी असतो, हे मान्य. जनावरांना शिकवणाऱ्या ब्रेलँड दांपत्याने १९६१ मध्ये लिहिलंय की त्यांचा रकून (अमेरिकेतला एक प्राणी) नाणी डब्यात टाकायची सोडून एकमेकांवर घासत बसायचा. जनावराचा मूळ स्वभाव असा आडवा येतो. पण आपल्याकडच्या किती कॉलेजांत उंदीर पाळायची सोय आहे? आणि पडद्यावरच्या उंदरापुढेही पोरं पहिल्या तासाला हीच चूक करतात : तो दांडी दाबेल म्हणून बघत बसतात, तो कोपऱ्यात हुंगत फिरतो. मग दोन पायांवर उभा राहिला की दाणा, दांडीजवळ उभा राहिला की दाणा, असं सुरू केलं की तासाभरात दांडी दाबतो. हे एकदा स्वतःच्या हाताने केलेली पोरगी असा मेसेज पुढे ढकलणार नाही.

भाचीला सांगितलं, ‘पा’ म्हणाला की लगेच ‘पाणी’ म्हणत पेला दे. शब्द शिकवायचा तर चेंडूसारख्या खेळण्यावर शिकव, तहानेवर नाही. आणि या आठवड्यात त्याचे कान तपासून घे.