अष्टकोनापाशी आधी कोण?

पुण्यात वर्षानुवर्षं गाडी हाकलेला माणूस कॅलिफोर्नियात ड्रायव्हिंगच्या परीक्षेत आपटला, की घरी फोन करून पॅरलल पार्किंगला शिव्या देतो. घरच्यांना ते पटतंही. फक्त कॅलिफोर्नियाच्या परीक्षेत पॅरलल पार्किंग नसतंच. जरा खोदून विचारलं की आतून स्टॉप साइन निघतं. लाल, अष्टकोनी, निरुपद्रवी दिसणारं. त्यावर एकच शब्द आणि तोही आपल्या शेंबड्या पोराला कळणारा, म्हणून आपण परीक्षेच्या पुस्तकातलं ते पान वाचतच नाही.

‘थांबलो होतो की!’ हा नापास झालेल्याचा पहिला बचाव. नव्हता थांबला. ताशी 3 मैल म्हणजे थांबणं नव्हे. या सरकत्या थांबण्याला इथले लोक ‘कॅलिफोर्निया स्टॉप’ म्हणतात आणि वर्षानुवर्षं करतात, पण लायसन्स खिशात आल्यावर. परीक्षेत किरकोळ चुका 15 पर्यंत माफ आहेत. स्टॉप साइनवर चाकं फिरत राहिली तर मात्र एका फटक्यात निकाल. शेजारी बसलेली परीक्षक बाई काही बोलत नाही, फक्त काहीतरी लिहिते आणि पुढचं डावं वळण घ्यायला सांगते. आपल्याला वाटतं, छान चाललंय.

यात गाडीचाही हात असतो. आयुष्यभर गिअरची गाडी चालवलेल्याला ऑटोमॅटिकचा सरकेपणा माहीत नसतो. ब्रेकवरचा पाय जरा सैल पडला, की ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावताही ती चालू लागते. काट्याकडे बघून उपयोग नाही. गाडीच्या अंगावर लक्ष ठेवा. ब्रेक लागताना नाक खाली दबतं, आणि गाडी खरोखर थांबली की ते हलकेच वर येतं, आपली पाठ सीटला टेकते. तो झोका जाणवला, की मनात तीन आकडे मोजा. तीन सेकंद थांबा असं कायदा म्हणत नाही, तो नुसतं पूर्ण थांबा म्हणतो. पण मोजताना डावीकडे, उजवीकडे आणि परत डावीकडे बघायला सवड मिळते. बघताना नुसती बुबुळं फिरवून चालत नाही, मान फिरलेली परीक्षकाला दिसली पाहिजे.

थांबायचं कुठे? पांढरी आडवी रेषा असेल तर तिच्या अलीकडे. रेषा नसेल तर पादचाऱ्यांच्या पट्ट्यांच्या अलीकडे. तेही नसतील तर चौकात नाक घालण्याआधी. बॉनेटखाली रेषा गडप झाल्यावर थांबलात, तर बंपर कदाचित अजून अलीकडेच असेल, पण भरवसा नको. रेषा बॉनेटच्या कडेशी दिसत असतानाच थांबा. आता तिथून कुंपणामुळे किंवा उभ्या गाडीमुळे आडवा रस्ता दिसत नाही, म्हणून मंडळी रेषा ओलांडून जिथून दिसतं तिथे एकदाच थांबतात. तिथेच घात होतो. आधी रेषेवर पूर्ण थांबा, मग इंच इंच पुढे सरका आणि दिसेल तिथे पुन्हा थांबा. दोनदा थांबल्याबद्दल कोणी गुण कापत नाही.

आता खरी गंमत. चारही बाजूंना स्टॉप असलेल्या चौकात जो आधी येऊन थांबला, तो आधी निघतो. लक्षात घ्या, आधी थांबला तो. लांबून आधी दिसला तो नव्हे. तुमच्या पुढची गाडी निघाली, की तिच्या शेपटीला धरून तुम्हाला जाता येत नाही. रेषेवर येऊन तुम्ही पुन्हा थांबायचं, आणि आता तुमचा नंबर शेवटी.

दोघं साधारण एकाच वेळी थांबले तर उजव्या हाताच्या गाडीला जाऊ द्यायचं. हे ऐकून आपण नवलाने मान डोलावतो, पण आपल्याकडचे 2017 सालचे रस्त्याचे नियम उघडून पाहा. सिग्नल-पोलीस नसलेल्या चौकात मुख्य रस्त्याला, नाहीतर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या, असं त्यात लिहिलेलं आहे. कागदावर का होईना, आहे. फरक एवढाच की भारतात उजवी बाजू म्हणजे ड्रायव्हरची खिडकी. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे उजवीकडची गाडी पलीकडच्या सीटवरच्या माणसामागे आणि काचेच्या कडेच्या खांबामागे लपते. सुट्टीला आलेले सासरे त्या सीटवर पुढे वाकून ‘चल, चल, मोकळं आहे’ म्हणत असतील, तर ती पूर्णच लपते. त्यांना मागे बसवा.

समोरासमोरचे दोघं सरळ जाणार असतील तर खुशाल एकदम निघा. समोरचा सरळ किंवा उजवीकडे वळणार आणि तुम्ही डावीकडे, तर थांबायचं तुम्ही. म्हणूनच वळणाच्या 100 फूट आधी इंडिकेटर हवा. तो नाही दिला तर समोरच्याला तुम्ही सरळ जाणार असं वाटतं. आणि पायी जाणारा या सगळ्यांच्या वरचा. पट्टे रंगवलेले असोत वा नसोत, चौक ओलांडणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. चार गाड्या एकदम आल्या तर? चौघांच्याही उजवीकडे कोणीतरी असतोच, नियम गोल फिरून संपतो. कोणीतरी हळूच निघतो, बाकीचे सुटकेचा श्वास सोडतात.

पण आमच्या मंडळींचं गाडं अडतं ते नियमापाशी नाही, संस्कारापाशी. पंगतीत ‘आधी तुम्ही बसा’ म्हणत उभे राहतात तसं चौकात चालतं. आपला नंबर असताना हात हलवून समोरच्याला जा म्हणतात. तोही सभ्य निघाला, की तोही हात हलवतो. मग दोघं एकदम निघतात, एकदम थांबतात, परत हात. माझं स्पष्ट मत आहे, हा हात खिशात ठेवावा. तुमच्या हाताने तुमच्यापुरती वाट मोकळी होते. त्याच वेळी उजवीकडून निघालेल्या सायकलवाल्याने किंवा पट्ट्यांवर पाऊल टाकलेल्या आजींनी तुमचा हात पाहिलेला नसतो. परीक्षेतही हे सौजन्य म्हणून नाही, नियम माहीत नसल्याचा पुरावा म्हणून वाचलं जातं. उलट बाजूही ध्यानात असू द्या. कायदा ‘तू जा’ असं कुणालाच म्हणत नाही, कोणी थांबायचं तेवढंच सांगतो. नंबर तुमचा असला तरी समोरचा घुसत असेल तर घुसू द्या.

चारही बाजूंना स्टॉप आहे हे ओळखायचं कसं? पाटीखाली ‘ऑल वे’ची छोटी लाल पट्टी असते. ती नसेल तर आडव्या रस्त्यावरच्या पाट्यांची पाठ बघा. अष्टकोन मागूनही अष्टकोनच दिसतो, आठ बाजूंचा हा मोठा फायदा. पाठ दिसली नाही तर आडवा रस्ता थांबणार नाही असंच धरून चाला. तिथे ‘मी आधी आलो’ला शून्य किंमत. दोन्हीकडून मोकळं होईपर्यंत बसायचं. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या.

वीज गेली आणि सिग्नल काळेठिक्कर पडले, की तीन-तीन लेनचा अख्खा चौकही ऑल वे स्टॉपच समजायचा. इथे मात्र कोण आधी थांबलं याचा हिशेब कोणालाच लागत नाही, आणि डावीकडे वळणाऱ्याचे हाल कुत्रा खात नाही. अशा वेळी सरळ उजवीकडे वळा, पुढे जिथे यू-टर्नला मनाई नसेल तिथे वळून परत या. पाच मिनिटं जास्त जातील.