कुकर फुटत नाही, आपणच फुटतो

कुटुंबाच्या ग्रुपवर या आठवड्यात तोच मेसेज दुसऱ्यांदा आला. 'राग मनात ठेवू नका. शिट्टी झाली नाही तर कुकर फुटतो. आपल्या माणसांवर ओरडून मोकळे व्हा, हक्क असतो तिथेच राग निघतो. आणि रागात निघालेलं तेच खरं असतं.' खाली हात जोडलेले बारा जण. तेरावा व्हायच्या ऐवजी मी हे लिहितोय.

कुकरचं आधी. कोंडलेली भावना बाहेर पडली की माणूस मोकळा होतो, ही कल्पना ब्रॉयर आणि फ्रॉइड या व्हिएन्नाच्या डॉक्टरांच्या 1895 सालच्या पुस्तकापासून फोफावली. पटतेही, कारण ओरडल्यावर दोन मिनिटं खरंच बरं वाटतं. पण मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये 600 विद्यार्थ्यांवर ती तपासली. विद्यार्थ्यांच्या निबंधावर मुद्दाम बोचरी टीका करून त्यांना चिडवलं. मग काहींना टीका करणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅग बडवायला लावली, काहींना व्यायाम म्हणून बडवायला लावली, काहींना नुसतं बसवून ठेवलं. सगळ्यात जास्त चिडलेले निघाले ते चेहरा आठवत बडवणारे. नुसते बसलेले सगळ्यात कमी आक्रमक. 2024 मध्ये 154 अभ्यास एकत्र पाहिल्यावरही तेच दिसलं: श्वास, ध्यान, शरीर सैल सोडणं यांनी राग उतरतो, अंग तापवणाऱ्या उपायांनी एकंदरीत उतरत नाही.

हक्काचं म्हणाल तर ते वड्याचं तेल वांग्यावर. साहेबांसमोर राग गिळता येतो, म्हणजे आवरता येतो. आणि घरातलं कुणी आपल्या पावलांच्या आवाजाने दचकत असेल, तर तिथे हक्क हा शब्दच नको.

आता 'रागातलं तेच खरं'. माझा खरा वाद याच्याशी आहे. मागे विजेचं बिल भरायचं राहिलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "तुला कशाचीच जबाबदारी नको असते." त्याआधीच्या तीन रात्री ती माझ्या आजारी आईपाशी जागी होती. खरं एवढंच होतं की मी दमलो होतो आणि पैशांच्या काळजीत होतो. ते सोडून बाकी सगळं बोललो. जोडप्यांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात की भांडणात नाडी शंभराच्या वर गेली की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही. निदान वीस मिनिटं बाजूला व्हावं. मीही झालो होतो. सिंकपाशी एकच पेला घासत उभा, आणि मनात पुढचं वाक्य तासत. म्हणजे बॅग बडवणंच, फक्त बिनआवाजाचं.

एका बाबतीत मेसेज बरोबर आहे: राग गिळून, चेहरा कोरा ठेवून बसण्यातही अर्थ नाही. 2003 च्या एका प्रयोगात, भावना लपवणाऱ्या बाईशी बोलणाऱ्या दुसरीचाही रक्तदाब वाढला. आमच्याकडच्या अबोल्यात तो मोजला असता तर काय निघालं असतं कोण जाणे! पण गिळू नका म्हणजे ओका असं नाही. "बिल राहिलं, मला धास्ती वाटतेय" हेही बोलणंच आहे.

मी हे वाक्य बोललो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ती म्हणाली, "मग काल एवढंच म्हणायचं होतंस ना."