पात्रता: बारावी पास आणि नाशिकला मामा

इंजिनिअरिंग ॲडमिशनची माहितीपुस्तिका यंदा मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली आणि माझं स्पष्ट मत झालंय की त्यात सगळ्यात महत्त्वाची अट छापायचीच राहून गेलीय. फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन बारावी पास, सोबत केमिस्ट्री किंवा त्याच्या जागी चालणारा एखादा विषय, तिन्हीत मिळून ओपनला 45 टक्के, राखीवला 40, आणि सीईटी दिलेली हवी, हे सगळं आहे. पण विद्यार्थ्याचा मामा नाशिक शहरात राहणारा असावा, त्याच्याकडे टू-व्हीलर असावी आणि त्याचा साहेब जरा समजूतदार असावा, हे कुठंच लिहिलेलं नाही.

भाचा निफाड तालुक्यातला. दाजींची द्राक्षबाग आहे, त्यांचं म्हणणं पोरानं ॲग्री करावं. पण पोराला आधीपासून बांधकामाचं वेड, गावात कुणाचा स्लॅब टाकायचा असला की हा शाळा बुडवून मिक्सरपाशी उभा. त्याला पाहिजे होती 'बिल्डिंग बांधायची डिग्री', एवढंच तो सांगू शकत होता. ताई म्हणाली मग आर्किटेक्ट कर. तिला सांगितलं की बाई, ते पाच वर्षांचं असतं, त्याला नाटा नावाची वेगळी परीक्षा असते आणि त्यात चित्रं काढावी लागतात. ताईनं पोराची शाळेतली चित्रकलेची वही आठवली आणि विषय तिथंच मिटला. राहिलं सिव्हिल.

नेमकं तेव्हा माझ्याकडे बाथरूमच्या टाइल्सचं काम चालू होतं. मिस्त्रींनी थापी बाजूला ठेवली, तंबाखू मळली आणि म्हणाले, "दहावीनंतर पॉलिटेक्निकला टाकायचा होता ना. तीन वर्षांचा डिप्लोमा केला की डायरेक्ट सेकंड इयरला बसतो. ही सीईटी नाय न् फिटी नाय." अगदी बरोबर सल्ला. फक्त भाच्याची बारावी होऊन गेलेली होती. आपल्याकडे पक्का सल्ला मिळतो तो तारीख उलटल्यावरच.

सीईटी झाली. दीडशे प्रश्न, दोनशे मार्क, वेळ तीन तास, मॅथ्सच्या प्रश्नाला दोन मार्क आणि बाकीच्यांना एक. वर निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणून पोरगा बाहेर येऊन छाती पुढं काढून म्हणाला, "एकही प्रश्न सोडला नाही, मामा." हे वाक्य त्यानं घरी फोनवर सांगितलं, तिथून गावभर झालं आणि निकालाच्या आधीच दाजींना बांधावर लोक 'इंजिनिअरचे वडील' म्हणायला लागले.

निकाल आला 84 पर्सेंटाइल. आजोबांनी 84 टक्के ऐकलं आणि पेढे मागवले. मग ते टक्के नाहीत हे समजावायचं काम, अर्थात, माझ्याकडं आलं. म्हटलं बाबा, परीक्षा बऱ्याच दिवसांत, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते, पेपर वेगळे असतात, म्हणून मार्क सरळ धरत नाहीत, शंभर पोरांत चौऱ्याऐंशी आपल्या बरोबरीनं किंवा मागं आहेत असं समजा. आजी इतका वेळ शेंगा निवडत होती, तिनं मान वर न करता विचारलं, "आन् पुढची सोळा कोणाची हाएत?" पेढे मात्र परत करता येत नव्हते म्हणून खाल्ले.

आता कागदपत्रं. दाजींना फवारणीतून सवड नाही, ताईला स्कूटी येत नाही, म्हणून मी रजा टाकून निफाडला. शेजारच्या एका अनुभवी बाईंनी ताईला सांगून ठेवलेलं की डोमिसाइल नसेल तर ॲडमिशन गेलीच समजा. म्हणजे ते वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र. जो पोरगा आयुष्यात शिर्डीच्या पलीकडं गेला नाही तो महाराष्ट्रातच राहतो हे सिद्ध करायचं. ज्या सेवा केंद्रात गेलो तिथल्या पोराच्या टेबलावर एक स्टेपलर, एक चहाचा कप आणि कपात बुडलेली स्टेपलरची पिन. त्यानं कागद चाळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वडील नक्की कोण आहेत?"

झालं असं होतं की दाखल्यावर दाजी बाळासाहेब, आधारवर बाळू आणि सातबाऱ्यावर बाळकृष्ण. तिघंही एकाच पत्त्यावर, एकाच बायकोबरोबर राहतात हे कॉम्प्युटरला पटत नव्हतं. मग ॲफिडेव्हिट करा, वरील तिन्ही नावे एकाच इसमाची आहेत. दाजींना फोन लावून सांगितलं तर ते बागेतूनच ओरडले, "तिघं असतो तर छाटणीला मजूर कशाला लावले असते?" नॉन-क्रिमी लेयरच्या वेळी पण तेच. तिथं आठ लाखांच्या मर्यादेत शेतीचं उत्पन्न धरत नाहीत असं मी वाचून दाखवलं तर म्हणाले, "बरोबर आहे, व्यापारी पण धरत नाही." या माणसाला फॉर्म भरायला कधीच सोबत न्यायचं नाही हे मी तेव्हाच ठरवलं.

फोटोचं सांगत बसलो तर वेगळा लेख होईल. इतक्या केबीपेक्षा मोठा नको, तितक्या केबीपेक्षा लहान नको, मागं पांढरा पडदा हवा, आणि स्टुडिओवाल्यानं मेहेरबानी म्हणून पोराला इतका गोरा केला की आधारवरचा आणि हा, दोघं चुलतभाऊ वाटावेत.

डोमिसाइल शेवटी आलं. ताईनं इतक्या खटपटीनं आलंय म्हणून ते लगेच लॅमिनेट करून टाकलं. ते घेऊन आम्ही फॉर्म तपासायच्या सेंटरवर गेलो, तिथं एक मॅडम होत्या, चष्मा नाकावर, शांत बाई. त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला बघितला. "दहावी-बारावी महाराष्ट्रात, जन्म निफाडचा, दाखल्यावर लिहिलंय, राष्ट्रीयत्व भारतीय, ते पण लिहिलंय. मग हे कशाला काढलंत?" मी म्हटलं, नसतं तरी चाललं असतं? तर म्हणाल्या, "जन्म इथला आहे ना, मग चाललं असतं." भाचा माझ्याकडे बघत होता, मी त्या लॅमिनेशनकडे. चकाचक होतं, आत एक बुडबुडा पण नाही.

या सगळ्यात रोज संध्याकाळी शेजारचे काका. काका मेरीतून रिटायर झालेत. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो, मेरी म्हणजे दिंडोरी रोडची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, धरणं-बिरणं बांधायच्या आधी माती, काँक्रीट तपासणारे लोक. काकांचं सगळं आयुष्य त्यात गेलं, फ्लॅट त्यातून, मुलाचं शिक्षण त्यातून, आज पेन्शन पण त्यातूनच. गंगापूर धरण मातीचं आहे एवढं कुणी नुसतं म्हटलं तरी काका तासभर थरांवर बोलतात, आणि छान बोलतात. पण भाच्याला बघितलं की एकच, "सिव्हिलला काय स्कोप आहे? कॉम्प्युटर घे." सगळा स्कोप बहुतेक त्यांनी एकट्यानंच वापरून संपवला असावा.

हे ते बोलत होते आमच्या गल्लीत. 2027 च्या सिंहस्थामुळं सध्या शहरात जिकडं बघावं तिकडं काम काढलंय, आमच्या गेटसमोर पण पाइपलाइनचा चर, त्यावर एक फळी टाकलेली. पलीकडं जेसीबी, अलीकडं खडीचा ढीग, मधल्या फळीवर तोल सांभाळत काका, एका हातात दुधाची पिशवी, आणि त्या जेसीबीच्या आवाजावर आवाज काढून सांगतायत की आता बांधकामात काही राहिलं नाही. भाच्यानं पुढं होऊन त्यांचा हात धरला आणि अलीकडं घेतलं. मग हळूच मला म्हणाला, "मामा, चराची माती इतकी काठाला नसते टाकायची, ढासळते." काकांनी ते ऐकलं. थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते बरोबर आहे. पण कॉम्प्युटर घे."

ऑप्शन फॉर्मला काकांचा हाच मुद्दा आला. कॉलेज आणि ब्रँच मिळून तीनशेपर्यंत पर्याय टाकता येतात. आमच्या हॉलमध्ये त्या रात्री जी बैठक बसली तशी जागावाटपाला पण बसत नसेल. ताईला मेस बघायची होती. दाजींना पिंपळगावहून थेट बस. माझ्या बायकोनं एक कॉलेज नुसत्या गेटवरून बाद केलं. भाचा एकटाच खाली बसून चॉइस कोड मोठ्यानं वाचत होता, फी माफीच्या टीएफडब्ल्यूएसच्या जागेच्या कोडला शेवटी टी लागतो, तो टी राहिला की दाजींच्या छातीत कळ. आणि काकांचं चालूच, "पहिल्या नंबरला कॉम्प्युटर टाकून तर बघ, लागलं तर लागलं."

तर ते 'लागलं तर' हेच डेंजर. 2025 पासून कॅपच्या, म्हणजे सरकारी सामायिक ॲडमिशन प्रक्रियेच्या, चार फेऱ्या आहेत आणि पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा पर्याय लागला की तो आपोआप फ्रीज, नको म्हणायची सोय नाही, घ्यायचा नाहीतर कॅपमधून बाहेर. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनातलं लागलं तरी तसंच, तिसरीत पहिल्या सहातलं. हे मी सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं. काका म्हणाले, "मग चांगलंच आहे की."

त्यांचा चहा होईपर्यंत भाच्यानं लिस्ट बंद केली. दुसऱ्या दिवशी मी नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना, कारण रजिस्टर नंबर माझा, ओटीपी मला आला. हेल्मेट न काढता त्याला आकडे ओरडून सांगितले, बाजूचा रिक्षावाला पण म्हणाला, "परत सांगा, शेवटचा चार का सात?" पहिल्या नंबरला सिव्हिल गेलं होतं.

आणि तेच लागलं, पहिल्याच फेरीत. सीट ॲक्सेप्टन्सचे हजार रुपये भरले, ओरिजिनल कागद घेऊन कॉलेजला रिपोर्टिंग केलं, क्लार्कनं फाइल घेतली आणि लॅमिनेट केलेलं डोमिसाइल तेवढं वेगळं काढून परत दिलं. जागा भरलेली नाही अशी एकच खोली घरात होती ती माझी अभ्यासाची, तिथं आता भाचा राहतो.

कॉलेज सुरू झालं तसं काका पहिल्याच आठवड्यात रात्री दुधाचे पैसे विचारायच्या निमित्तानं आले. भाचा लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलेला. काय रे, धरण का पूल, म्हणून काका स्क्रीनवर वाकले. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्या ब्रँचला जवळपास सारखंच असतं, मॅथ्स, मेकॅनिक्स, आणि त्यात प्रोग्रॅमिंग पण असतं. स्क्रीनवर कोड होता, खाली लाल एरर.

काकांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि मला हाक मारली, "अहो, चहा टाका. याला वेळ लागेल."