गाडीचं ऑइल घरीच बदला

ऑइल बदलायचे गॅरेजवाला एवढे पैसे घेतो, म्हणजे करतो तरी काय? एक नट सोडतो, जुनं खाली, नवं वरून. तुम्हाला यातलं कळत नसलं तरी मेव्हणा आहेच. रविवार बघा, जुनी बनियन चढवा (तिच्याशिवाय हाताला गुण येत नाही) आणि अख्ख्या सोसायटीला दिसेल अशी गाडी लावा.

गाडी मारुती ८०० असली तर उत्तमच. १९८३ ते २०१४, म्हणजे तब्बल तीसेक वर्षं ती बाजारात होती. झाडाखालच्या कितीतरी मिस्त्रींचे हात तिने सोसले, तुमचेही सोसेल. दोन चाकं फुटपाथवर चढवून खाली सरपटलात की दोन नट दिसतील. एक इंजिनच्या चेंबरचा, दुसरा गिअरबॉक्सचा. आधी हाताला लागेल तो आपला.

इंजिनचं वापरलेलं ऑइल काळंकुट्ट निघतं म्हणतात. तुमचं निघेल मधाच्या रंगाचं, दाट, गंधकाचा उग्र वास मारणारं. इथे विचारबिचार करत बसू नका. इतकं चांगलं तेल हा लुच्चा गॅरेजवाला दरवेळी फेकून देत होता, हे बायकोला खाली बोलावून दाखवा. मेव्हण्याने मान डोलावली पाहिजे.

आता नट आवळा. आणखी आवळा. आटे गेले की आपोआप सैल लागेल. मग वरून नवं तीन लिटर ओता आणि ऑइल मोजायची पट्टी काढून बघा: वरच्या खुणेच्याही वर ओली! जुनं तीन लिटर आतच आहे, त्यामुळे बरकत दुप्पट.

गाडी सुरू करा. एवढ्या तेलात क्रँकशाफ्ट रवीसारखा फिरतो, ताकावर यावा तसा फेस येतो, बेअरिंगांच्या वाट्याला बुडबुडे आणि सायलेन्सरमधून निळा धूर. वॉचमन बादली घेऊन धावला तर डास मारतोय म्हणून सांगा. कोपऱ्यापर्यंत जाल तोवर कोरडा गिअरबॉक्स कण्हायला लागेल.

गणपती करायला जावं तर मारुती होतो. इथे मारुतीचाच गणपती: पुढे टोचन, मागे ढकलणारी पोरं, मिरवणूक थेट त्याच गॅरेजच्या दारात.

मिस्त्री खाली वाकून बघतो, उठतो, हात पुसतो. "साहेब, गिअरचं ऑइल कुठंय?"

ते तुम्ही सकाळीच सोसायटीच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना घातलेलं असतं. फाटक आता अजिबात कुरकुरत नाही.