कोवळ्या मनाची काळजी

‘कोवळ्या मनावर परिणाम होतो.’ गेल्या आठवड्यात हे वाक्य मी तीन जणांकडून ऐकलं. लेकीनं वाढवलेल्या कोकराचं आम्ही होमकिल केलं, म्हणजे घरच्या खाण्यासाठी ते फार्मवरच कापलं, हे तिनंच घरच्या ग्रुपवर सांगितलं आणि पुण्यातले चुलतभाऊ, वहिनी माझ्यावर तुटून पडले. नऊ वर्षांच्या पोरीला हे कळू द्यायचं असतं का? एकानं लगेच शाळेतल्या अंड्यांचा विषय काढला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी थांबवला ते बरंच झालं म्हणे, मुलांवर तसले संस्कार नकोत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालं होतं ते आठवड्याला एक अंडं. न खाणाऱ्याला केळं. ज्या पोरांना खुडूक कोंबडी कुठल्या डालग्याखाली बसवलीय हे तोंडपाठ असतं, त्यांच्या मनाला अंड्यानं काय होणार होतं? हे बोलणारे माझे भाऊ सांगलीकडच्या आटपाडी तालुक्यात आमच्याच गोठ्यात शेण काढून मोठे झालेत. पुण्यात फ्लॅट घेतला की गोठा विसरायचा असतो का?

मी न्यूझीलंडमधल्या वायकाटोत साडेचारशे गाईंच्या फार्मवर आहे. जुलैत गाई व्यायला लागल्या की लेक शाळेआधी गमबूट घालून वासरांना चीक पाजायला येते. ऑक्टोबरात शाळेचा पेट डे. आपापलं वासरू किंवा कोकरू दोरीनं चालवून दाखवायचं, हाक मारल्यावर ते येतं का हे परीक्षक बघतात. पुढे त्या कोकराचं काय होतं हे तिथल्या प्रत्येक पोराला माहीत असतं.

पाच वर्षांची असताना तिनं विचारलं, बॉबी ट्रक कुठं जातो? चार दिवस पुरे झालेले गोऱ्हे त्यात चढत होते. मी म्हणालो, मांसासाठी. ती रडली, रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून उरलेल्या वासरांची बादली तिनं स्वतः उचलली. मी याला संस्कार म्हणतो.

आणि गावाकडे? भावाच्या एचएफ (होल्स्टिन) गाईला गोऱ्हा झाला की घर गप्प होतं. खिलारासारखा तो औताला चालत नाही, औतही आता ट्रॅक्टरचं. २०१५ च्या कायद्यानं बैलही कापता येत नाही, मग त्याला घेणार कोण? त्याचं दूध तोडतात. खुंट्याला वाळत वाळत तो मरतो आणि घरातली पोरं शाळेत जाता-येता ते बघतात. तिथं कोवळं मन कुणाला आठवत नाही. पोळ्यासारख्या बेंदराच्या सणाला त्याच घरात मातीच्या बैलांना पुरणपोळीचा नैवेद्य असतो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वहिनींनी एवढंच उत्तर दिलं, “तुमच्याकडे चालत असेल.”

तुमच्याकडे. अकरा वर्षं इथं राहून मी आटपाडीला ‘आमच्याकडे’ म्हणतो. तो एक शब्द दोन दिवस टोचत राहिला. आणि खरं सांगायचं तर बॉबी ट्रक आला की मी गेटवर थांबत नाही. शेडमध्ये जाऊन पाईपनं यार्ड धूत राहतो, ट्रक वळेपर्यंत. लेकीनं हे कधीच ओळखलंय.

कोकराचं नाव तिनं सोन्या ठेवलं होतं, आमच्या खिलार बैलावरून. बेंदराच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, त्याच्या मानेला हळद-लोणी चोळायचं काम माझं असे, शिंगांना हिंगूळ आबा लावत. १९९४ साली, मी सातवीत असताना, तो म्हातारा झाल्यावर आबा म्हणाले, आत्याच्या गावी चरायला पाठवलाय. त्यानंतर मी दोनदा आत्याकडे गेलो. गोठ्यात सोन्या नव्हता. मी आत्याला विचारलं नाही, आबांनाही नाही.

रविवारी व्हिडिओ कॉलवर लेकीनं तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, “आबा, तुमचा सोन्या कुठं गेला?” मी फोन काढून घेणार होतो.

आबा जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. “इकला बाळा. खरसुंडीच्या यात्रेत. तेवीसशेला.”

एकतीस वर्षं झाली, किंमत त्यांच्या तोंडात होती. त्याच जूनमध्ये मला आटपाडीच्या बोर्डिंगात घातलं. फीचे पैसे कुठून आले, हेही मी कधी विचारलं नव्हतं.