‘चुंबक लावून बघा’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार.

बुलेट ३५०च्या हाताने घडवलेल्या टाकीवरच्या लेखाखाली आपण प्रतिक्रिया टाकलीत. ती मी उडवलेली नाही, जशीच्या तशी ठेवली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी ती अशी:

“हाताने ठोकलेल्या पत्र्यावर शेवटी बोटभर पुट्टीच असते, चुंबक लावून बघा. त्यापेक्षा फायबरची टाकी चौथाई पैशांत येते. शिवाय सीट एकट्याची केलीत, आरसीवर दोन माणसं आहेत, कलम ५२ वाचा. जुनी गाडी मूळ रूपात जपायची सोडून हौशी लोक तिची वाट लावतात आणि वर लेख लिहितात.”

मतभेद असायला माझी काही हरकत नाही. पण ‘वर लेख लिहितात’ हे काय लिहिणं झालं? लेख कशासाठी असतो मग? आणि हौशी म्हणाल तर मी आयटीआयला शीट मेटल वर्करचा ट्रेड केलेला माणूस आहे, उमेदवारी डेंटिंगच्या शेडमध्ये झाली आणि पोट आजही पत्र्यावरच चालतं. हे मिरवायला सांगत नाही. समोरचा कोण आहे हे न बघता बोलण्याची जी सवय लागली आहे, तिच्यासाठी सांगतो.

आता चुंबक. लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं आहे की टाकी ३००३ ग्रेडच्या ॲल्युमिनियमच्या १.६ मिलिमीटर, म्हणजे बाजारात ज्याला १६ गेज म्हणतात त्या पत्र्याची आहे. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. पुट्टी असली तरी नाही, नसली तरी नाही. जुनी गाडी घेताना लोखंडी मडगार्डवर चुंबक फिरवतात, ते ठीक आहे. तीच युक्ती इथे सांगायची म्हणजे लेख वाचायच्या आधीच प्रतिक्रिया तयार होती.

तरी मुद्दा पुट्टीचाच आहे, तर पुट्टीबद्दलच बोलू.

पुट्टी का भरावी लागते? आकार पत्र्यात आलेला नसतो म्हणून. सपाट पत्र्याला दोन्ही दिशांनी गोलाई द्यायची तर दोनच उपाय: मधला भाग ताणायचा, नाहीतर काठ आकसवायचा. ताणणं सोपं. वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने ठोकत गेलं की खोलगट होतोच. म्हणून नवशिका सगळं काम ताणूनच करतो. गुडघा टेकतो तिथला खोलगट भाग आणि वरची फुगीर गोलाई जिथे मिळतात, तिथपर्यंत पोचेतो त्याचा पत्रा मधोमध एक मिलिमीटरवर आलेला असतो आणि काठ मात्र लाटांसारखा उभा. मग तो काठ कापतो, तुकडा जोडतो, उरलेलं पुट्टीने झाकतो. तुम्ही पाहिलेली कामं अशीच असणार. मीही पाहिली आहेत.

खरं कसब काठ आकसवण्यात आहे. लेंग्याच्या नाडीला पडतात तशा चुण्या पत्र्याच्या काठाला घालायच्या आणि चुणी पसरू न देता लाकडी हातोड्याने जागच्या जागी जिरवायची. पसरली तर मेहनत वाया, पत्रा होता तिथेच. एकावर एक पडली तर घडीच्या रेषेवर चीर ठरलेली. जिरली तर काठ तेवढा आखूड होतो आणि पत्रा तिथे उलट किंचित जाड होतो. आमच्या टाकीच्या पुढच्या टोकाला, हँडलच्या कानाजवळ, जाडी मूळ पत्र्यापेक्षा जास्त भरते, ती याच कारणाने.

हे करताना पत्रा कडक होत जातो, म्हणून मधूनमधून तापवून मऊ करावा लागतो. इथे बहुतेकांचा पत्रा वितळतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि लोखंडासारखं लाल होऊन आधी सूचना देत नाही. आता आहे, आता भोक. उपाय जुना आहे. गॅसच्या टॉर्चमध्ये ॲसिटिलीन जास्त सोडून पत्र्यावर काळी काजळी धरायची, मग ऑक्सिजन वाढवून ज्योत लांबून, सतत हलती ठेवून फिरवायची. काजळी साडेतीनशे-चारशे अंशांच्या दरम्यान उडते. जिथली उडाली तिथून ज्योत पुढे न्यायची, बस. ॲसिटिलीन नसेल, दुसऱ्या ज्योतीने तापवत असाल, तर साबणाच्या वडीने रेघा ओढा. त्या गडद तपकिरी झाल्या की थांबा. ६०६१चा कडक पत्रा घेऊन हे करायला जाऊ नका, तो वाकायच्या आधी तडकतो. ११०० किंवा ३००३, अर्धा कडक, एवढंच मागायचं.

आणि मग शेवटचा हात, ज्यात पुट्टीचा प्रश्न मिटतो. पत्र्यावर मार्करची निळी शाई फासायची आणि लांब, किंचित वाकलेली कानस हलक्या हाताने तिरकी फिरवायची. शाई गेली तो उंचवटा, राहिली तो खळगा. खळगा कानसून जात नाही, हे डोक्यात पक्कं हवं. भोवतीचा पत्रा कानसत बसलात तर १.६चा १.० होईल आणि तिथेच पहिली चीर येईल. खळग्याच्या बाहेरून डॉली, म्हणजे टेकूचा लोखंडी ठोकळा, धरायची, आतून छोट्या हातोडीने उचलायचा, पुन्हा शाई, पुन्हा कानस. दोन-तीन फेऱ्यांनी निळा डाग उरत नाही. एखादी जागा दाबली की आत आणि सोडली की टप्पकन बाहेर येत असेल, तर तिथे पत्रा जास्त ताणला गेला आहे. तो आकसवायचा, ठोकायचा नाही. ठोकलात की आणखी ताणाल.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे भांड्यावर मठार मारतात तेव्हा ठोक्याला ठोका लागून पडतो; भांडं त्याने नुसतं चकाकत नाही, घट्टही होतं. पेशवाईपासून चालत आलेलं काम आहे. तिथे कोणी पुट्टीचा डबा उघडलेला दिसला तर मला जरूर कळवा.

एक गोष्ट मान्य करतो. लेखात टाकीचे फोटो सगळे पॉलिश आणि रंगानंतरचे होते, आतल्या बाजूचा एकही नव्हता. वरचा भाग उघडा ॲल्युमिनियमचा असला तरी दोन्ही बाजूंना रंग आहे, तेव्हा रंगाखाली काय, ही शंका येऊ शकते. रंगाखाली एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा अस्तराचा थर आहे, कारण ॲल्युमिनियमवर त्याशिवाय रंग धरत नाही, आणि त्यावर हायबिल्ड, म्हणजे जाड थराच्या, प्रायमरचे दोन हात, पॉलिश पेपर मारल्यावर उरतील ते शंभर-दीडशे मायक्रॉन. त्याला बोटभर म्हणत असाल तर तुमचं बोट तपासून घ्या.

जोडाबद्दलही बोललं पाहिजे, कारण पुट्टीचं दुसरं घर तिथे असतं. पत्र्यावर पत्रा चढवून वेल्ड मारला की तिथे पायरी राहते, पायरी झाकायला पुट्टी, आणि फटीत ओल धरून राहते ती वेगळीच. आम्ही टोकाला टोक भिडवून, दर २०-२५ मिलिमीटरवर टाके देऊन, एसी करंटवर आर्गन वेल्ड केला. फिलर, म्हणजे जोडात वितळवायची तार, ११०० ग्रेडची. ४०४३ सहज वाहतो म्हणून सगळे तोच घालतात, पण त्यात पाच टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. जोड कडक होतो, हातोडीला दाद देत नाही आणि पॉलिशखाली करडी रेघ दिसते. लोखंडी पत्र्यावर हीच गोष्ट मिग वेल्डिंगची, ज्यात तार मशीनमधून आपोआप येते. मिगचा जोड ताठ राहतो आणि मठारताना कडेने तडकतो. लोखंडाची टाकी करायची तर १.२ मिलिमीटरचा सीआर (थंड लाटलेला) पत्रा, आयएस ५१३ या मानकाचा ईडीडी, म्हणजे खोल आकार घेणारा, ग्रेड, आणि जोड गॅसचा. तो लोण्यासारखा नसला तरी ठोकता येतो. वजन मात्र बघा: चौरस मीटरला हा पत्रा साडेनऊ किलोच्या आसपास, आमचा ॲल्युमिनियमचा सव्वाचार.

गॅसनेच ॲल्युमिनियम जोडणारे जुने मिस्त्री आहेत, उत्तम जोडतात. त्यांना एकच सांगणं: फ्लक्स आत राहू देऊ नका. उकळत्या पाण्याने, ब्रश घालून, पुन्हा पुन्हा धुवा. तो राहिला की आतून पत्रा खातो आणि सहा महिन्यांनी टाकीला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात.

आता तुमचं फायबर. सीटमागच्या कुबडासाठी फायबर चालतं, मडगार्डलाही चालतं, त्यावर माझा वाद नाही. पेट्रोलच्या टाकीला नाही. २०२३ पासून आपल्याकडे पंपांवर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, यायला लागलं, आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. एवढं इथेनॉल साध्या पॉलिएस्टर रेझिनला मऊ करतं. आतला थर सुटतो आणि चिकट होऊन कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. चौथाई पैशांच्या टाक्या बहुधा याच रेझिनच्या असतात. आतून लायनर, म्हणजे अस्तर, मारून देतो म्हणणाऱ्याला विचारा, कोणता लायनर, इथेनॉलला टिकतो का. उत्तर आलं तर बघू. ॲल्युमिनियमलाही तळाला साचलेलं पाणी मानवत नाही, इथेनॉल ओल ओढतं, म्हणून पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. पण पाणी काढून टाकता येतं. विरघळलेलं रेझिन परत टाकीला चिकटवता येत नाही.

कोणी म्हणेल, ॲल्युमिनियम तडकतं. तडकतं, बसवणी चुकली तर. ७० बाय ९० मिलिमीटरचं लांब स्ट्रोकचं एकच सिलिंडर आहे, थरथर येणारच. ब्रॅकेट थेट टाकीच्या कातडीवर वेल्ड केली की वेल्डच्या कडेला चीर गेलीच म्हणा. आधी खाली ३ मिलिमीटरची गोल कडांची पट्टी, तिच्यावर ब्रॅकेट, आणि टाकी फ्रेमवर रबराच्या बुशांवर. बोल्ट रबर चेपेल इतकाच घट्ट. टाकीच्या पोटातला बोगदा आणि त्यातून जाणारी फ्रेमची नळी यांच्यात सगळीकडे १० मिलिमीटर मोकळं. बंग, म्हणजे पेट्रोल कॉक ज्यात बसतो ती आट्यांची गोल बैठक, वेल्ड करण्याआधी आपलाच कॉक फिरवून आटे बघून घ्या, नंतर बघून उपयोग नाही.

गळती तपासताना हवा २ पीएसआयच्या वर नको. आकडा किरकोळ वाटतो, पण ४० बाय २० सेंटीमीटरच्या एका बाजूवर तो शंभर किलोहून जास्त भार आहे. टायरवाल्याची नळी लावून तीस सोडले तर तोच भार दीड टनाच्या वर जातो आणि घडवलेली गोलाई फुग्यासारखी सुटते. सायकलचा पंप, साबणाचं पाणी, आणि जोडावर डोळे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, म्हणजे गाडीत आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारे बदल करण्याबद्दलचं, मला माहीत आहे. फ्रेम कापलेली नाही, इंजिन आणि चासी नंबर जागच्या जागी आहेत, मूळ टाकी आणि दोघांची सीट गोणपाटात बांधून ठेवली आहे, बोल्टवर परत बसते. यावर आणखी वाद घालायची ही जागा नाही. मूळ रूपाचं म्हणाल तर ज्यांना जपायची त्यांनी जपावी, कोणी हात धरलेला नाही. खर्चाचे आकडे मागणाऱ्यांना वेगळ्याने देतो.

तुमच्याकडे हाताने घडवलेली आणि पुट्टीने भरलेली टाकी असेल, तर तिचा कॉक काढून, आत टॉर्च मारून फोटो टाका. जोड आतून कसा दिसतो ते सगळेच बघू. आणि कृपा करून धातू कोणता ते आधी लिहा.